मोबाईल म्हणतो ‘सरळ जा’, मध्ये उभी शेलबारी!

पुण्याहून पिंपळनेरला जायचा रस्ता फोन दोन सेकंदांत काढून देतो. त्या दोन सेकंदांत आत नेमकं काय चालतं? आणि रस्त्यात आडवा आलेला डोंगर, घाट, बुडालेला पूल... हे त्याला सांगतं कोण?

शुक्रवारची संध्याकाळ. हिंजवडीतून बाहेर पडणाऱ्या गाड्यांच्या रांगेत एखादी तरी गाडी खान्देशात निघालेली असतेच. मागच्या सीटवर लॅपटॉपची बॅग, डिकीत घरच्यांसाठी घेतलेली बाकरवडी, आणि डॅशबोर्डवर फोन. फोनला सांगायचं, ‘पिंपळनेर’.

पण थांबा! कुठलं पिंपळनेर? एक पारनेर तालुक्यात आहे, संत निळोबारायांचं. एक बीडजवळ आहे. आणि आपल्याला हवं ते धुळे जिल्ह्यातलं, साक्री तालुक्यातलं, पांझरा नदीच्या काठचं. म्हणजे पहिला अडथळा रस्त्यात नाहीच, नावात आहे. तो बोटाने पार केलात की मग खरी गंमत सुरू होते. स्क्रीनवर एक निळी रेघ उमटते, शेजारी एकदोन फिकट. निळी रेघ ‘बेस्ट’. कुणी ठरवलं?

नकाशात नाशिकपासून पुढे बघा. एक वाट देवळा, सटाणा, ताहाराबाद करत शेलबारी घाट ओलांडते आणि थेट पिंपळनेरात उतरते. नाशिकपासून ढोबळमानाने दीडशे किलोमीटरच्या आतबाहेर. दुसरी मुंबई-आग्रा हायवेने मालेगाव, धुळे आणि मग सुरत रस्त्याने साक्रीवरून उलटी खाली येते. सव्वादोनशेच्या पुढे. म्हणजे चक्क द्राविडी प्राणायाम. पण हा दुसरा रस्ता रुंद आहे.

मध्ये एवढं आहे तरी काय? आहे सह्याद्रीची एक आडवी रांग. सह्याद्री म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर उभी, उत्तर-दक्षिण भिंत येते. बागलाणात मात्र तो पूर्व-पश्चिम हात पसरून बसलाय. सेलबारी आणि डोलबारी या त्यातल्या दोन रांगा. मांगी-तुंगी, साल्हेर, मुल्हेर ही नावं ट्रेकला जाणाऱ्यांना पाठ असतात. या रांगांची नावं नीट ऐका. सेलबारी, डोलबारी, तिकडे सुरत रस्त्यावर कोंडाईबारी. ‘बारी’ म्हणजे डोंगरातली खिंड, पलीकडे जायची फट. आपल्याकडच्या माणसांनी अख्ख्या डोंगररांगेला तिच्या खिंडीचं नाव दिलंय! भिंतीचं नाव दारावरून ठेवल्यासारखं.

आणि हे दार फार मोलाचं होतं. सुरत बंदर आणि दख्खन यांच्यामधला माल या भागातून जायचा. मुल्हेरच्या राजांचं वजन होतं ते याच वाटांमुळे. औरंगजेबाने १६३८ मध्ये बागलाण घेतलं. ऑक्टोबर १६७० मध्ये सुरतेची दुसरी लूट घेऊन शिवाजी महाराज परतले तेही मुल्हेरच्या बाजूने, आणि पुढे वणी-दिंडोरीजवळ दाऊदखान कुरेशीच्या मोगली फौजेने वाट अडवली तेव्हा तिथे लढाई झाली. तेव्हा ‘रीरूटिंग’ घोड्यावर बसून करावं लागे.

कॅफे, बायको होणारी मुलगी आणि वीस मिनिटं

आता फोनच्या पोटात शिरू. त्यासाठी थेट ॲमस्टरडॅम गाठावं लागेल.

वर्ष १९५६. एड्सखर डाइक्स्ट्रा नावाचा सव्वीस वर्षांचा डच तरुण होणाऱ्या बायकोबरोबर खरेदीला गेला होता. दमून दोघं एका कॅफेच्या गच्चीवर कॉफी प्यायला बसले. तो ज्या संस्थेत होता तिथे आरमॅक नावाचा नवा कॉम्प्युटर तयार होत होता आणि त्याच्या उद्घाटनाला जमलेल्या, गणिताशी काही देणंघेणं नसलेल्या लोकांना दाखवायला एक सोपा प्रश्न हवा होता. डाइक्स्ट्राने निवडला तो असा: नेदरलँड्समधल्या एका शहरातून दुसऱ्या शहरात जायचा सगळ्यात जवळचा रस्ता कोणता? उत्तर त्याला तिथेच बसल्याबसल्या वीस मिनिटांत सुचलं, कागद-पेन्सिलीशिवाय. प्रात्यक्षिकासाठी त्याने ६४ शहरांचा नकाशा घेतला. १९५९ मध्ये ते छापून आलं, जेमतेम तीन पानांत. (आपण अमृततुल्यमध्ये वीस मिनिटांत काय ठरवतो? दुसरा चहा घ्यायचा की नाही.)

ही युक्ती समजायला गणित लागत नाही. अशी कल्पना करा की पुण्यात एक मोठा नळ सोडलाय आणि पाणी सगळ्या रस्त्यांवरून एकाच वेगाने पसरतंय. प्रत्येक नाक्यावर एक माणूस वही घेऊन उभा. पाणी पहिल्यांदा पोचलं की त्याने फक्त दोन गोष्टी टिपायच्या: किती वाजता आलं आणि कुठल्या रस्त्याने आलं. नंतर दुसरीकडून येणाऱ्या पाण्याकडे ढुंकूनही बघायचं नाही. पिंपळनेरच्या चौकात पाणी पोचलं की तिथल्या माणसाला विचारायचं, कुठून आलं? तो म्हणणार, शेलबारीकडून. तिथल्याला विचारायचं. तो म्हणणार, ताहाराबाद. असं मागे मागे पुण्यापर्यंत आलात की सगळ्यात जवळचा रस्ता हातात. डोंगर आडवा आला तर पाणी त्याला वळसा घालतं, वेगळं काही सांगावं लागत नाही. आणि ही युक्ती कधीच चुकत नाही, हे सिद्ध करता येतं.

दोष एकच. पाणी खान्देशात जातं तसं कोल्हापुरातही जातं, सोलापुरातही. जायचंय उत्तरेला आणि आपण पंढरपूरच्या गल्ल्या मोजत बसलोय!

यावर तोड निघाली १९६८ मध्ये, अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये. तिथे शेकी नावाचा एक रोबो होता. नावाप्रमाणेच थरथरत चालणारा. खोलीत ठेवलेल्या खोक्यांना न धडकता पलीकडे कसं जायचं, हा त्याचा जन्माचा प्रश्न. पीटर हार्ट, निल्स निल्सन आणि बर्ट्राम राफाएल या तिघांनी त्याच्यासाठी ‘ए-स्टार’ ही पद्धत काढली. डाइक्स्ट्राच्या हिशेबात त्यांनी एकच भर घातली: आतापर्यंत किती चाललो यात, इथून पुढे अजून किती असेल याचा अंदाज मिळवायचा. हा अंदाज म्हणजे बहुधा हवाई अंतर. ज्या नाक्याची बेरीज सगळ्यात कमी तो आधी तपासायचा. त्यामुळे पाणी पंढरपूरकडे फारसं वळतच नाही.

अट फक्त एक. अंदाज खऱ्या अंतरापेक्षा कधीही जास्त असता कामा नये. तो कमी चालेल, म्हणून हवाई अंतर सोयीचं. रस्ता कितीही चांगला असला तरी पक्ष्यापेक्षा आखूड असू शकत नाही.

मग नुसत्या हवाई अंतरावरच का नाही चालायचं? नाकासमोर? करून बघा. ताहाराबादला उभे राहिलात की सरळ रेषेत पिंपळनेर अगदी जवळ दिसतं. नाकासमोर जाणारी पद्धत तुम्हाला डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या शेवटच्या वस्तीत नेऊन उभं करणार. समोर कडा, मागे जायला तयार नाही, कारण मागे गेलं की अंतर ‘वाढतं’. सायबर कॅफेत तासाला पंधरा-वीस रुपये मोजून ‘एज ऑफ एम्पायर्स’ खेळलेल्या पिढीला हे दृश्य ओळखीचं वाटेल. लाकूड आणायला पाठवलेला तो बिचारा गावकरी झाडांच्या कोपऱ्यात अडकून पडायचा! ए-स्टार असा अडकत नाही. सोडून दिलेल्या वाटांची यादी तो जवळ ठेवतो आणि पुढचं महाग पडायला लागलं की निमूट मागे वळतो.

देशभराच्या रस्त्यांवर हेही हळू पडतं. त्यामुळे आजच्या प्रणाली बरंचसं काम आधीच करून ठेवतात. मोठ्या नाक्यांमधले जवळचे रस्ते अगोदर काढून ठेवले की तुम्ही विचारल्यावर फक्त दोन टोकं जोडायची राहतात. २००८ मध्ये जर्मनीतल्या कार्ल्सरूह इथल्या संशोधकांनी यातली एक फार वेगवान पद्धत मांडली. दोन सेकंदांचं गुपित साधारण असं आहे.

घाटाचं वजन किती?

म्हणजे रस्ता शोधण्याचा प्रश्न तसा कधीच सुटलाय. मग तरीही फोन आपल्याला भलत्याच गल्लीत का नेतो?

कारण वर मी ‘अंतर’ म्हटलं ते सोयीसाठी. मशीनला अंतर कळत नाही, त्याला फक्त आकडे कळतात. रस्त्याच्या प्रत्येक तुकड्यावर कुणीतरी एक आकडा लिहिलेला असतो. त्याला वजन म्हणा, भाडं म्हणा. तो किलोमीटरचा असेल, मिनिटांचा असेल, टोलच्या रुपयांचा असेल. मशीन बेरीज करतं आणि सगळ्यात हलकी बेरीज निळ्या रंगात रंगवतं. शेलबारीच्या तुकड्यावर ‘अर्धा तास’ लिहिलं तर निळी रेघ घाटातून जाईल. ‘पाच तास’ लिहिलं तर तीच रेघ धुळ्याला वळेल. आणि ‘बंद’ लिहिलं तर तिथे भिंत उभी राहील. आत युक्ती तीच, एक अक्षर बदललेलं नाही.

आता विचार करा, या आकड्यात काय काय मावत नाही. रात्री अकरा वाजता एकटी मुलगी गाडी चालवतेय. तिला वीस मिनिटं जास्त लागलेली चालतील, पण पेट्रोल पंप आणि ढाबे असलेला रस्ता हवाय. यासाठी कुठला रकाना आहे? टोल टाळायचं बटण आहे, फेरीबोट टाळायचं आहे. ‘सुनसान रस्ता टाळा’ असं बटण मला तरी अजून सापडलेलं नाही. म्हातारे वडील शेजारी बसलेत आणि त्यांना वळणावळणांनी मळमळतं, हेही त्या बेरजेत नाही. आपल्या आया हे सगळं एका वाक्यात उरकायच्या: “हायवेनेच ये रे, उशीर झाला तरी चालेल.”

आकडे भरणाऱ्यांना हे हळूहळू उमगतंय. गूगल मॅप्सने भारतात २०१७ च्या डिसेंबरमध्ये दुचाकीसाठी वेगळा पर्याय आणला, कारण आपल्या बोळांमधून बाईक जाते तिथे कार जात नाही, हे कॅलिफोर्नियात बसून सुचणं कठीण. मोटारींना अरुंद रस्ते टाळून नेण्याची सोय त्याच कंपनीने जुलै २०२४ मध्ये जाहीर केली. सुरुवात आठ शहरांत झाली. हैदराबाद, बंगळूर, चेन्नई, इंदूर वगैरे. पहिल्या यादीत ना पुणे, ना मुंबई. पिंपळनेरचं तर नावच सोडा.

पाण्याखालचा पूल

अकोले तालुक्यात कोतूळ म्हणून गाव आहे, मुळा नदीवर. खाली पिंपळगाव खांडचं धरण. धरण भरलं की कोतूळच्या पुलावर पाणी चढायचं आणि तो काही महिने पाण्याखालीच राहायचा. गावाला हे माहीत. एसटीच्या ड्रायव्हरला माहीत. पाणी उतरेपर्यंत दुसऱ्या रस्त्याने जायचं, यात कुणाला बातमी वाटत नव्हती.

जानेवारी २०२१ मधल्या एका रात्री कळसूबाईला निघालेली पुण्याकडची एक गाडी फोनच्या सांगण्यावरून या रस्त्याला लागली. फोनच्या नकाशात पूल होता. मध्यरात्र उलटून गेलेली. अंधारात गाडी सरळ पाण्यात गेली. दोघं पोहून बाहेर आले, चालक बुडाला. पुलाच्या अलीकडे धोक्याची पाटी नव्हती, हेही तेव्हा बातम्यांत आलं.

त्यावर सोशल मीडियात नेहमीप्रमाणे दोन तट पडले. एक म्हणाला, मशीनवर विश्वास ठेवलाच कसा. दुसरा म्हणाला, मशीन मूर्ख आहे. मला दोन्ही पटत नाहीत. मशीनने बेरीज बरोबर केली होती. त्या तुकड्यावरचा आकडा उन्हाळ्यातला होता, आणि गाडी गेली हिवाळ्यात. अडथळ्यालाही कॅलेंडर असतं. तो पूल काही महिने रस्ता असतो आणि काही महिने नदी, ही गोष्ट गावातल्या प्रत्येकाच्या डोक्यात होती. डोक्यातून नकाशात आणायचं काम कुणाचंच नव्हतं. पाटी लावणाऱ्यांचं नव्हतं, नकाशा विकणाऱ्यांचंही नव्हतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ अर्धवट तुटलेल्या पुलावरून गाडी खाली कोसळून तिघं गेले, तेव्हा पुन्हा हाच वाद झाला.

जागल्या जागाच असायचा

हे काम ‘कुणाचं तरी’ असेल तर काय होतं, ते बघायला पिंपळनेरलाच यावं लागेल. इथे फोन येण्याच्या तीन-चारशे वर्षं आधी लोकांनी अडथळ्यातून वाट काढण्याची एक प्रणाली चालवली. वाट माणसांची नव्हती, पाण्याची होती. तिचं नाव फड पद्धत.

सटाण्याची आरम, ताहाराबादची मोसम आणि पिंपळनेरची पांझरा, या तिन्ही नद्यांवर ही पद्धत होती. म्हणजे तुमची निळी रेघ सटाण्याहून पिंपळनेरला येताना फडांच्याच मुलखातून येते. नदीवर दगड-चुन्याचा बंधारा घालायचा आणि एका काठाने पाट काढायचा. यातली मेख अशी: नदी उतारावर भराभर खाली जाते, पाटाला मात्र अगदी बेताचा उतार द्यायचा. त्यामुळे जसजसं पुढे जाल तसतशी नदी खाली जाते आणि पाट वर राहतो. दोघांच्या मधली सगळी जमीन आपोआप पाटाच्या खाली येते. मोटार नको, पंप नको.

पण उतार ‘बेताचा’ ठेवायचा म्हणजे पाट सरळ जाऊ शकत नाही. टेकाड आलं की त्याला वळसा, कारण पाणी चढत नाही. खोलगट जमीन आली की पुन्हा कडेकडेने, कारण एकदा पातळी गमावली की परत मिळत नाही. प्रत्येक पावलाची किंमत मोजायची ती मीटरमध्ये नव्हे, उतरलेल्या उंचीत. लांबी वाढली तर वाढू दे, उंची जपायची. डाइक्स्ट्राला दाखवलं असतं तर तो म्हणाला असता, युक्ती माझीच, फक्त तुकड्यावरचा आकडा वेगळा आहे. आखणी करणाऱ्यांची नावं मात्र कुठे छापली गेली नाहीत.

वाट काढून झाली की संपलं? छे! पाटात गाळ साचतो, काठ फुटतो, वरून पूर येतो. म्हणून जादा पाणी परत सोडायला सांडवे ठेवलेले. पाटापासून चाऱ्या, चाऱ्यांपासून सारंग, म्हणजे शेतात जाणारे छोटे पाट. आणि या सगळ्यावर माणसं नेमलेली. पाटकरी पाटाची निगा राखणार. जागल्या पाणी ठरल्याप्रमाणे फडात जातंय ना, मध्येच कुणी फोडत नाही ना, यावर नजर ठेवणार. बारेकरी प्रत्यक्ष वाफ्यात पाणी भरणार. वर देखरेखीला हवालदार. जागल्या हे नाव तुमच्या-माझ्या भाषेत ‘लाइव्ह अपडेट’! रस्ता कुठे फुटलाय हे त्याला कळायला कुणी तक्रार नोंदवावी लागत नसे. तो तिथे चालतच असे.

जमिनीचे मोठाले तुकडे म्हणजे फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, एकात ऊस तर दुसऱ्यात हंगामी पीक. मग त्या फडाला पाणी एकाच वेळी लागतं, आणि शेजाऱ्याशेजाऱ्यांत ‘आधी मला’ होत नाही. नदीला पाणी कमी असेल त्या वर्षी कमी फड भिजवायचे, हे सगळ्यांनी बसून ठरवायचं. नकाशा दर वर्षी नवा. मला वाटतं, या पद्धतीतली सगळ्यात हुशार गोष्ट पाटाची आखणी नाही, हीच आहे.

आता हे सगळं विरत गेलंय. वरच्या अंगाला धरणं झाली, पिंपळनेरजवळ लाटीपाड्याचं झालं. शेतोशेती विहिरी आल्या. ज्याचं पाणी त्याच्या बटणावर आलं, मग जागल्याची गरज कुणाला?

गंमत म्हणजे रोबोवाल्यांना तोच जागल्या नव्याने बनवावा लागला. १९९४ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या अँथनी स्टेन्झने ‘डी-स्टार’ मांडला. डी म्हणजे डायनॅमिक. नकाशा अपुरा आहे हे मानूनच निघायचं. वाटेत नवा दगड दिसला की सगळं पहिल्यापासून न मोजता फक्त बिघडलेला भाग दुरुस्त करायचा. मंगळावरच्या स्पिरिट आणि ऑपर्च्युनिटी या गाड्यांना नंतर याच घराण्यातली पद्धत दिली गेली. तिथे रस्ता विचारायला चहाची टपरी नाही, त्यामुळे दगड स्वतःच्या कॅमेऱ्याने बघावा लागतो.

आपल्याला टपरी आहे. शिवाय फोनमध्ये ‘रस्ता बंद’ असं कळवायची सोयही आहे, पण ती आपल्यातले किती जण वापरतात? घाटात दरड दिसली की आपण फोटो काढतो, स्टेटसला टाकतो आणि पुढे जातो. नकाशात मात्र तो तुकडा हिरवाच राहतो, मागून येणाऱ्या गाडीसाठी.

पावसाळ्यात निघणार असाल तर एवढं करा. रात्री घाट लागेल अशा बेताने निघू नका. गावातल्या कुणाला तरी फोन लावा. निळ्या रेघेला नसेल पण मामाच्या पोराला शेलबारीची हालहवाल ठाऊक असते. आणि विचारायचं ते ताहाराबादला, चहा घेताना, घाट चढायच्या आधी. “कथा जाई ऱ्हायना, भाऊ?” असा अहिराणीत उलटा प्रश्न आला तर लाजू नका, पिंपळनेर म्हणा. पुढचं सगळं टपरीवाला सांगेल, न विचारलेलंही. पिंपळनेरला पोचून विचाराल तर तिथेही उत्तर मिळेलच, पण तोवर घाट मागे गेलेला असेल.